तेजाच्या शेजारी

आठव्या-नवव्या प्रतीचा तारा पाहायला फारसे काही लागत नाही. दोन इंची दुर्बीण आणि बऱ्यापैकी आकाश असले की असे तारे शेकड्यांनी दिसतात. व्याधाचा जोडीदार याच प्रतीचा आहे, साडेआठच्या आसपास. तरीही सहा-आठ इंची दुर्बिणी घेऊन हिवाळ्यामागून हिवाळे त्याच्या मागावर असलेले, आणि तो एकदाही न दिसलेले, चांगले कसलेले निरीक्षक मी ओळखतो. जोडीदार मंद आहे म्हणून असे होत नाही. तो रात्रीच्या आकाशातल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्यापासून अवघ्या अकरा विकलांवर आहे, आणि व्याधाचा प्रकाश त्याच्या सुमारे नऊ हजार पट आहे. घाटात समोरून ट्रक आला की त्याच्या दिव्यांशेजारून चाललेला सायकलवाला दिसत नाही, तसे हे आहे.

हे पुस्तक अशा विषम जोड्यांचे आहे: एक तारा ठळक, दुसरा त्याच्या झळाळीत बुडालेला. जोडताऱ्यांची पुस्तके साधारणपणे हंसाच्या चोचीतल्या अल्बिरिओपासून सुरू होतात. एक सोनेरी, एक निळसर, छोट्या दुर्बिणीतही लगेच सुटे होणारे असे ते तारे आहेत. ते पाहायलाच हवेत. पण जोडताऱ्यांचा छंद ज्याला खरोखर लागतो तो पुढे विषम जोड्यांकडेच वळतो, असा माझा अनुभव आहे. समान ताऱ्यांच्या जोडीत दुर्बिणीची परीक्षा होते. विषम जोडीत दुर्बीण, हवा, डोळा आणि निरीक्षकाची चिकाटी, सगळ्यांचीच एकदम होते.

नव्याने आलेल्यांसाठी दोनतीन गोष्टी आधी सांगायला हव्यात. दोन ताऱ्यांमधले अंतर विकलांत मोजतात. एका अंशाच्या साठ कला, एका कलेच्या साठ विकला. मंद तारा ठळक ताऱ्याच्या कोणत्या बाजूला आहे हे सांगणारा स्थानकोन उत्तरेपासून पूर्वेकडे मोजतात. आणि प्रत जितकी मोठी तितका तारा मंद. पाच प्रतींचा फरक म्हणजे प्रकाशात शंभर पटींचा फरक. ध्रुवताऱ्याला जोडीदार आहे हे अनेकांना ठाऊक नसते. तो साडेअठरा विकलांवर, जवळपास नवव्या प्रतीचा आहे. मृगातल्या राजन्याचा जोडीदार साडेनऊ विकलांवर, सातव्या प्रतीच्या आतबाहेर. ज्येष्ठेचा साडेपाचव्या प्रतीचा, म्हणजे एकटा असता तर अंधाऱ्या जागेतून नुसत्या डोळ्यांना दिसला असता, पण अंतर जेमतेम पावणेतीन विकला. आणि मग व्याध. अवघडपणा कसा चढत जातो ते या चौघांत नीट कळते.

आता हे अवघड का, ते पाहू. दुर्बिणीतून दिसणारा तारा बिंदू नसतो. भिंग कितीही निर्दोष असले तरी विवर्तनामुळे ताऱ्याची इवलीशी तबकडी दिसते आणि तिच्याभोवती फिकट कडी. एकूण प्रकाशापैकी सुमारे ८४ टक्के तबकडीत राहतो, ७ टक्के पहिल्या कड्यात जातो. त्या कड्याचा सर्वांत उजळ भाग तबकडीच्या केंद्राच्या पावणेदोन टक्केच उजळ असतो. ऐकायला हे क्षुल्लक वाटते. पण प्रतींच्या हिशेबात हा फरक जवळपास साडेचार प्रतींचा होतो, आणि ज्येष्ठा व तिचा जोडीदार यांच्यातला फरकही जवळजवळ तेवढाच आहे. सत्तर मिलिमीटरच्या दुर्बिणीत ज्येष्ठेभोवतीचे पहिले कडे साधारण पावणेतीन विकलांवरच पडते. म्हणजे जोडीदार नेमका कड्यावर बसतो आणि कड्याइतकाच उजळ असतो. हवा थोडी जरी थरथरली तरी कड्याचे तुकडे होतात, आणि त्यातला कोणता तुकडा तारा आहे हे सांगणे अशक्य होऊन बसते. सहा इंची दुर्बिणीत तेच कडे सव्वा विकलेवर आटोपते आणि जोडीदाराला बाहेर मोकळी जागा मिळते. मोठ्या दुर्बिणीत जास्त प्रकाश येतो म्हणून जोडीदार दिसतो असे आपण सहज म्हणतो. ज्येष्ठेपाशी खरे कारण हे आहे.

परावर्ती दुर्बिणीची अडचण वेगळी. मधल्या दुय्यम आरशामुळे तबकडीतला प्रकाश कड्यांमध्ये ढकलला जातो, आणि तो आरसा धरणाऱ्या पात्यांमुळे ठळक ताऱ्याला चार काटे फुटतात. जोडीदार काट्याखाली सापडला तर संपलेच. नळी थोडी फिरवून काटे बाजूला घ्यावे लागतात. म्हणून या कामाला जुने लोक भिंगाची दुर्बीणच मागत. मला तो आग्रह थोडा जास्त वाटतो. आरसे नीट जुळवलेली आणि पुरेशी थंड झालेली डॉब्सोनियन राजन्य आणि ज्येष्ठा दोन्ही दाखवते. थंड होण्याची गोष्ट मात्र कोणी हसण्यावारी नेऊ नये. दिवसभर तापलेला गच्चीचा स्लॅब रात्री अकरापर्यंत उष्णता सोडत असतो, आणि ती हवा नळीच्या तोंडावरून वर चढताना तारा उकळल्यासारखा दिसतो.

या क्षेत्राचा इतिहास विषम जोड्यांपासूनच सुरू होतो, आणि तोही एका चुकीच्या गृहीतकातून. ठळक तारा जवळचा, मंद तारा दूरचा, असे धरून चालले तर पृथ्वी सूर्याभोवती फिरताना जवळचा तारा दूरच्याच्या तुलनेत किंचित सरकलेला दिसावा. गॅलिलिओने ही कल्पना मांडली होती. विल्यम हर्शेलने ताऱ्यांचे अंतर काढण्यासाठी अशाच जोड्या गोळा करायला घेतल्या आणि १७८२ व १७८५ मध्ये त्यांच्या याद्या छापल्या. त्याआधी मानहाइममध्ये क्रिस्टियान मायरने ठळक ताऱ्यांभोवतीचे मंद तारे हे त्यांचे सोबती आहेत असे म्हटले होते आणि त्याबद्दल टीका सोसली होती. हर्शेलला हवे होते ते अंतर मिळालेच नाही. मिळाले ते त्याहून मोठे होते: १८०३ पर्यंत त्याच्या लक्षात आले की काही जोड्यांमधले तारे एकमेकांभोवती फिरत आहेत. गुरुत्वाकर्षण सूर्यमालेबाहेरही चालते, याचा हा पहिला डोळ्यांनी पाहिलेला पुरावा.

पुढच्या शतकात हे काम शिस्तीचे झाले. दोर्पात येथे फ्रीडरिश स्ट्रूव्हे याने फ्राउनहोफरच्या साडेनऊ इंची दुर्बिणीतून तीन हजारांहून अधिक जोड्यांची यादी केली आणि १८३७ मध्ये त्यांची मापे प्रसिद्ध केली. भूतप समूहातल्या एप्सिलॉनला त्याने ‘सर्वांत सुंदर’ अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले. तीही विषमच जोडी आहे, पिवळा तारा आणि त्याला खेटून निळसर सोबती.

ज्येष्ठेचा जोडीदार मात्र चंद्राने दाखवला. १३ एप्रिल १८१९ रोजी व्हिएन्नामध्ये योहान ब्यूर्ग ज्येष्ठेचे चंद्राकडून झालेले पिधान पाहत होता. तारा चंद्रामागून बाहेर आला तो आधी मंद, आणि काही सेकंदांनी एकदम तेजस्वी झाला. जोडीदार पश्चिमेला असल्यामुळे चंद्राच्या मागच्या कडेने त्याला आधी मोकळे केले होते. झळाळी झाकली की शेजारी दिसतो, ही या क्षेत्रातली सर्वांत जुनी युक्ती. नेत्रिकेत पट्टी लावून ठळक तारा आड करणारा आजचा हौशी निरीक्षक तेच करतो, आणि दूरच्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह शोधणाऱ्या मोठ्या दुर्बिणींच्या उपकरणांतही मूळ कल्पना तीच असते.

व्याधाची कथा सर्वांत प्रसिद्ध, आणि ती गाजावी अशीच आहे. १८४४ मध्ये बेसेलने जाहीर केले की व्याध आणि प्रश्वा हे दोन्ही तारे सरळ रेषेत न चालता हेलकावे घेत आहेत, तेव्हा त्यांना न दिसणारे जोडीदार असले पाहिजेत. बेसेल १८४६ मध्ये गेला. ३१ जानेवारी १८६२ रोजी मॅसॅच्युसेट्समध्ये अल्वन ग्रॅहम क्लार्क हा दुर्बीणकाराचा मुलगा साडेअठरा इंची नवे भिंग तपासत होता, आणि व्याधाच्या शेजारी त्याला एक ठिपका दिसला. ते भिंग मिसिसिपी विद्यापीठासाठी घडवलेले होते. यादवी युद्धामुळे ते तिकडे गेलेच नाही, पुढे शिकागोला गेले. प्रश्वाचा जोडीदार १८९६ मध्ये लिक वेधशाळेच्या छत्तीस इंची दुर्बिणीतून शेबर्लेला दिसला. जवळपास अकराव्या प्रतीचा आणि फार तर पाच विकलांवर असलेला तो तारा आजही हौशी निरीक्षकाच्या डोळ्यांच्या जवळजवळ बाहेरच आहे.

१९१५ मध्ये माउंट विल्सनवर वॉल्टर ॲडम्सने व्याधाच्या जोडीदाराचा वर्णपट मिळवला, आणि कोडे उभे राहिले. तारा तापलेला, पांढरा, तरी इतका मंद. वस्तुमान सूर्याएवढे आणि आकार जेमतेम पृथ्वीएवढा. अशा श्वेतबटूंना वस्तुमानाची कमाल मर्यादा असते, हा हिशेब एकोणीस वर्षांच्या सुब्रह्मण्यम चंद्रशेखर यांनी १९३० मध्ये मुंबई बंदरातून इंग्लंडला निघालेल्या प्रवासात बोटीवर मांडला. गच्चीवरून व्याधाशेजारचा तो ठिपका दिसतो तेव्हा मला हे सगळे एकदम आठवते. ज्यांना व्याधाशी झुंजण्याआधी श्वेतबटू पाहायचाच आहे, त्यांनी वैतरणी समूहातला ४० क्रमांकाचा तारा पाहावा. त्याचा साडेनवव्या प्रतीचा श्वेतबटू जोडीदार ८३ विकलांवर आहे, आणि चार इंची दुर्बीण तो कसलाही त्रास न देता दाखवते.

हौशी निरीक्षकांच्या परंपरेत दोन माणसे मला विशेष वाटतात. विल्यम रटर डॉज हा इंग्लिश पाद्री. दुर्बिणीच्या व्यासावरून किती जवळचे तारे सुटे दिसतील याचा त्याचा नियम आजही प्रत्येक पुस्तकात असतो: ११६ ला मिलिमीटरमधल्या व्यासाने भागा, उत्तर विकलांत. अमेरिकेतल्या क्लार्क यांच्या भिंगांची कदर प्रथम यानेच केली. दुसरा शिकागोचा शेरबर्न वेस्ली बर्नहॅम. कोर्टात लघुलेखन करून पोट भरणाऱ्या या माणसाने क्लार्कची सहा इंची दुर्बीण घेतली, आणि ज्या आकाशात आता नवे काही उरले नाही असे समजले जात होते त्यातून नव्या जोड्यांची रास काढली. त्यात ठळक ताऱ्यांचे मंद, जवळचे जोडीदार पुष्कळ होते. १९०६ मधल्या त्याच्या सूचीत १३,६६५ जोड्या आहेत.

डॉजचा नियम समान, मध्यम प्रतीच्या ताऱ्यांसाठी आहे, हे मात्र लोक विसरतात आणि राजन्य का दिसत नाही म्हणून दुर्बिणीला दोष देतात. ग्रिनिचच्या टी. लुईस यांनी १९१४ मध्ये अनुभवी निरीक्षकांनी प्रत्यक्ष मोजलेल्या जोड्यांवरून सरासरी काढली. समान, ठळक ताऱ्यांसाठी ४.८ ला इंचांतल्या व्यासाने भागायचे. पाच-सहा प्रतींचा फरक असेल तर ३६ ला. म्हणजे सहा इंची दुर्बिणीला समान जोडीसाठी ०.८ विकला पुरतात आणि फार विषम जोडीला सहा विकला लागतात. मी नवख्यांना डॉजच्या आधी लुईस सांगतो. अपेक्षा खऱ्या राहतात.

आपल्याकडचा धागा अनेकांना माहीत नाही. डिसेंबर १६८९ मध्ये पाँडिचेरीत फ्रेंच जेझुइट झाँ रिशो धूमकेतू पाहत असताना त्याला नरतुरंगातला मित्र तारा जोडतारा असल्याचे दिसले. आणि पुण्यात ईस्ट इंडिया कंपनीचा एक इंजिनिअर अधिकारी, विल्यम स्टीफन जेकब, याने १८४२ मध्ये स्वतःची वेधशाळा उभारली. पाच फुटी डॉलंड दुर्बिणीतून त्याने पुण्याहून २४४ जोडताऱ्यांची सूची केली. १८४७ मध्ये वृश्चिकातला न्यू हा तारा तिहेरी असल्याची त्याची नोंद आहे. याच ताऱ्याचा आणखी एक, फार जवळचा घटक पुढे बर्नहॅमने शोधला. जेकब नंतर मद्रास वेधशाळेचा संचालक झाला. १८६२ मध्ये पुण्याजवळच्या डोंगरावर वेधशाळा काढायची म्हणून तो नऊ इंची दुर्बीण घेऊन परत आला, ऑगस्टमध्ये मुंबईला उतरला आणि आठवड्याभरात पुण्यात वारला. त्याच वर्षाच्या जानेवारीत क्लार्कला व्याधाचा जोडीदार दिसला होता. ती नऊ इंची दुर्बीण सह्याद्रीच्या माथ्यावर उभी राहिली असती तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

कारण जागा उत्तम आहे. लंडनहून ज्येष्ठा क्षितिजावर बारा अंशही धड चढत नाही; पुण्याहून ती पंचेचाळीस अंशांवर येते. व्याध तिथे बावीस अंशांवर, इथे पंचावन्नवर. क्षितिजाजवळच्या जाड, हलत्या हवेतून पाहावे लागल्यामुळे युरोपीय पुस्तकांत ज्येष्ठा ‘अतिशय कठीण’ म्हणून नोंदलेली असते. ती नोंद इकडे जशीच्या तशी उतरवण्यात अर्थ नाही. आपल्या अक्षांशासाठी अवघडपणाची क्रमवारी नव्याने मांडायला हवी, आणि या पुस्तकाचा मुख्य हेतू तोच आहे. आपली अडचण ध्रुवाच्या बाजूला आहे. तो अठरा अंशांवर, कोणाच्या तरी टाकीच्या मागे. पण तो जागचा हलत नसल्यामुळे मोटर नसलेल्या दुर्बिणीत तासभर पाहता येतो, आणि शिकायला याहून चांगली जोडी नाही.

आणखी एक. तेजोमेघ आणि दीर्घिका पाहायच्या तर वांगणी किंवा त्याहून लांब जावे लागते. जोडताऱ्यांना शहराचा उजेड फारसा बाधत नाही, चांदणेही बाधत नाही. वैशाखातल्या धुरकट रात्री, ज्यांना आपण वाया गेलेल्या समजतो, हवा पुष्कळदा अशी ठरते की ज्येष्ठेभोवतीची कडी मोजावीत. संधिप्रकाश तर मदतच करतो. निळ्या पार्श्वभूमीवर ठळक ताऱ्याची झळाळी बोथट होते आणि जोडीदार सुटा होतो. ज्येष्ठेचा ‘हिरवा’ जोडीदार मी सर्वांत स्पष्ट पाहिला तो सूर्य मावळून थोडाच वेळ झाला असताना. तो खरे तर निळसर पांढरा आहे. तांबड्याशेजारी डोळा त्याला हिरवा करतो.

आज या क्षेत्रात तीन तऱ्हेची माणसे आहेत. एक मापे घेणारी: पूर्वी तारेचे सूक्ष्ममापक वापरत, आता सीमॉस कॅमेऱ्याने हजारो क्षणचित्रे घेऊन त्यातली स्थिर तेवढी निवडतात. दुसरी नुसती पाहणारी, रंग आणि सौंदर्य टिपणारी. ॲडमिरल स्मिथ आणि रेव्हरंड वेब यांच्या एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकांपासून ही परंपरा चालत आली आहे. तिसरी अवघड जोड्यांच्या मागे लागणारी, कोणत्या दुर्बिणीतून, कोणत्या हवेत, काय दिसले याची पद्धतशीर नोंद ठेवणारी. मी तिसऱ्यांतला. पहिल्यांविषयी मला आदर आहे, पण कॅमेरा घेतल्याशिवाय जोडताऱ्यांत काही करताच येत नाही, हा हल्ली पसरलेला समज मला मान्य नाही.

गाइया उपग्रहाने अब्जावधी ताऱ्यांची स्थाने मोजल्यावर हौशी डोळ्याला काय उरले, असे विचारले जाते. तिसऱ्या प्रतीहून ठळक तारे गाइयाच्या उपकरणांना जड गेले, आणि अशा ताऱ्यांच्या अगदी शेजारची जागा तर आणखीच. व्याधाच्या झळाळीत एक अख्खा तारकागुच्छ दडला होता. तो २०१७ मध्ये गाइयाच्या आकडेवारीतून बाहेर आला. अमेरिकी नौदल वेधशाळेच्या सूचीत आज दीड लाखांहून अधिक जोड्या आहेत, आणि त्यांतल्या कित्येक विषम जोड्या दशकानुदशके कोणी मोजलेल्या नाहीत. व्याधाच्या बाबतीत तर काळही आपल्या बाजूचा आहे. त्याचा जोडीदार पन्नास वर्षांत एक फेरी करतो. १९९० च्या दशकाच्या मध्यात तो अडीच-तीन विकलांवर होता, आता कमाल अंतराच्या जवळ आहे. २०३० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो झपाट्याने आत येईल आणि मग पुन्हा बरीच वर्षे लहान दुर्बिणींना मिळणार नाही.

या पुस्तकातल्या जोड्या ऋतूंप्रमाणे मांडल्या आहेत आणि प्रत्येक ऋतूत सोप्यापासून अवघडाकडे. शास्त्रग्रंथांत अरुंधती दाखवताना आधी शेजारचा ठळक तारा दाखवावा आणि मग नजर तिच्याकडे न्यावी असे सांगतात, तोच क्रम इथे ठेवला आहे. प्रत्येक जोडीसोबत तीन, चार, सहा आणि आठ इंची दुर्बिणींतून आम्ही काही मित्रांनी महाराष्ट्रातल्या गच्च्यांवरून केलेल्या नोंदी आहेत. ‘दिसला नाही’ अशा नोंदी मुद्दाम वगळलेल्या नाहीत. सहा इंचीतून, चांगल्या हवेत, तासभर पाहून जोडीदार दिसला नाही, ही माहिती पुढच्याला ‘दिसला’ इतकीच उपयोगी आहे, आणि ती सहसा कोणी छापत नाही.

स्थानकोन मात्र जोडीच्या पानावर दिलेला नाही. तो शेवटच्या तक्त्यात आहे. आधी पाहा, जोडीदार कोणत्या बाजूला वाटला ते वहीत काढा, मग तक्ता उघडा. कुठे पाहायचे हे आधी कळले की डोळा तिथे तारा उभा करतो, हे आमच्यापैकी प्रत्येकाने अनुभवले आहे. व्याधापुरती सवलत केली आहे, कारण तिथे बाजू ठाऊक असल्याशिवाय युक्ती चालत नाही. जोडीदार सध्या पूर्व-ईशान्येला आहे, म्हणजे आकाश सरकताना तो व्याधाच्या मागून येतो. मोटर बंद ठेवायची, व्याधाला नेत्रिकेच्या कडेमागे जाऊ द्यायचे, आणि तो गेल्यावर जोडीदार कडेला टेकेपर्यंतचा जो अर्धा-पाऊण सेकंद मिळतो त्यात पाहायचे. पुन्हा दुर्बीण मागे आणायची, पुन्हा तेच. पुठ्ठ्याची षटकोनी झापड दुर्बिणीच्या तोंडाला लावून झळाळी सहा काट्यांत कशी गोळा करायची, आणि दोन काट्यांमधल्या काळोख्या जागेत जोडीदार कसा आणायचा, हे आकृतीसह दिले आहे.

कक्षांचे गणित या पुस्तकात नाही, आणि छायाचित्रणावर एकच छोटे प्रकरण आहे. दोन्हींना स्वतंत्र पुस्तके लागतील. मापे २०२५ सालची आहेत. व्याध आणि शौरीतला झीटा यांची अंतरे दरवर्षी बदलतात, म्हणून त्यांची पुढच्या पंधरा वर्षांची मापे वेगळी छापली आहेत. पुस्तक मार्च ते मे या काळात हाती पडले तर ध्रुव आणि भूतपातल्या एप्सिलॉनपासून सुरुवात करावी, पहाटे उठता येत असेल तर ज्येष्ठाही घ्यावी. दिवाळीनंतर पडले तर थेट राजन्यापासून.